कोठारातील मांजरांचा जमाखर्च

गेल्या वर्षी आमच्या देवस्थानाच्या महाजनांच्या सभेपुढे वार्षिक हिशेब आला, तेव्हा सभामंडपाची कौले परतण्याच्या खर्चावर जेवढी चर्चा झाली नाही, तेवढी एका अगदी क्षुल्लक रकमेवर झाली. देवस्थानाच्या कोठारात तीन मांजरे आहेत आणि अग्रशाळेच्या पडवीत एक म्हातारा बोका आहे. पिढ्यान् पिढ्या त्यांस भातावर थोडे दूध घालून मिळत असे. उरलेले पोट ती कोठारातल्या उंदरांवर भरीत. मुंबईस राहणाऱ्या एका कुळाव्यांनी भक्तीने म्हणा वा भूतदयेने म्हणा, मध्यंतरी त्यांच्यासाठी परदेशी बनावटीच्या खाद्याच्या पिशव्या पाठविण्यास आरंभ केला. वर्षभराने त्या येणे थांबले. पण तोवर मांजरांना त्यांची चटक लागलेली. तेव्हा कारभाऱ्यांनी तशाच पिशव्या मडगावच्या बाजारातून आणविल्या आणि खर्च देवस्थानाच्या नावे मांडला. दुकानात शेजारच्याच फळीवर तिच्या एकतृतीयांश किमतीची दुसरी पिशवी होती, हे एका तरुण सभासदाने निदर्शनास आणले. एक वृद्ध महाजन म्हणाले, "पण दूधभातात काय वाईट होते? आणि देवाच्या पैशांतून मांसाचे जिन्नस आणावयाचे काय?" मग सभेत कोलाहल माजला, आणि अध्यक्षांनी आमच्याकडे वळून म्हटले, "वकीलबाब, पुढच्या सभेपर्यंत तुम्हीच काय ते पाहून सांगा."

आम्हांस वाटले, हे एका संध्याकाळचे काम. प्रत्यक्षात तीन महिने गेले. आणि ज्याला आम्ही बाजारातल्या दोन पिशव्यांचा वाद समजत होतो, त्याच्या मागे चांगला दोन हजार वर्षांचा इतिहास निघाला. त्यातला जेवढा भाग सभेपुढे मांडता आला नाही, तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

देवस्थानाच्या उत्पन्नातून मांजरे पोसण्याची चाल आमच्याच गावची असेल असा आमचा समज होता. डायोडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी ६० च्या सुमारास ईजिप्तमध्ये गेला होता. तो लिहितो की, तेथे प्रत्येक जातीच्या पवित्र प्राण्यासाठी जमिनी नेमून दिलेल्या असत आणि त्यांच्या उत्पन्नातून त्या प्राण्यांचा सांभाळ होई. आपल्याकडील देवस्थानांच्या इनाम जमिनींची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था. मांजरांस काय देत, तेही त्याने नमूद करून ठेवले आहे: दुधात कुस्करलेली भाकर, नाही तर नाईल नदीतल्या मासळीचे कच्चे तुकडे. म्हणजे आमचा दूधभात आणि आमच्या घरांतले शीत-नुस्ते, दोन्ही तेथे होते! चुकून मांजर मारणाऱ्या एका रोमन माणसास जमावाने ठार केले, ही हकीकत तो स्वतः पाहिलेली म्हणून सांगतो. अशा देशात मांजराच्या जेवणावरील खर्च जास्त आहे काय, हा प्रश्न सभेत कोणी काढला असेल असे वाटत नाही.

तो प्रश्न रीतसर दप्तरात आलेला आम्हांस आढळला तो इंग्लंडात, पोस्टखात्याच्या कागदांत. १८६८ साली लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी कागद कुरतडण्याचा कहर केला. कचेरीच्या प्रमुखाने तीन मांजरे ठेवण्याची परवानगी आणि त्यांच्या अन्नासाठी आठवड्यास दोन शिलिंग मागितले. वरिष्ठांनी मांजरे मंजूर केली, पण उमेदवारीवर. आणि भत्ता दिला तो एकच शिलिंगाचा. कारण असे दिले की मांजरांस पोटभर देणे योग्य नव्हे, राहिलेले वेतन त्यांनी उंदरांच्या रूपाने वसूल करावे. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर भत्त्यात आणखी कपात होईल, अशी ताकीदही त्यात होती. मुदतीअंती मांजरांनी काम चोख बजावल्याचा अहवाल गेला. आमच्या वकिलीच्या आयुष्यात सेवाशर्तींचे पुष्कळ हुकूम वाचनात आले, पण याच्याइतका स्वच्छ हुकूम विरळा.

पुढे ही परंपराच झाली. १९२९ साली ब्रिटनच्या गृहखात्याने आपल्या कचेरीतील मांजरास किरकोळ खर्चातून दिवसाला एक पेनी मंजूर केली. पोस्टखात्याच्या मुख्य कचेरीतला 'टिब्स' नावाचा बोका १९६४ साली वारला. त्याचा भत्ता आठवड्यास अडीच शिलिंगांवर गेला होता. त्यापूर्वी १९५३ साली तर पार्लमेंटातच प्रश्न विचारला गेला की, पोस्टातल्या मांजरांचा भत्ता शेवटचा कधी वाढविला. सहायक पोस्टमास्टर जनरलांनी गंभीरपणे उत्तर दिले की, ठिकठिकाणचे भत्ते वेगवेगळे आहेत आणि कामाच्या प्रमाणात मोबदला देण्याची कोणतीही योजना मांजरांच्या बाबतीत आखता आलेली नाही.

या विनोदी कागदांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे आणि आमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली तीच आहे. या सर्व मांजरांना मालकाकडून मिळत होते ते पूरक अन्न. मुख्य अन्न त्यांचे ती स्वतः मिळवीत होती. दूधभातात काय होते आणि काय नव्हते, हा प्रश्न कधी उठलाच नाही. कारण जे नव्हते ते उंदरात होते. आमच्या वृद्ध महाजनांनी लहानपणापासून कोठारातली धष्टपुष्ट मांजरे पाहिली, ती खरीच. फक्त श्रेय त्यांनी दूधभाताला दिले.

शहरातल्या मांजरांची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये मांजरांचे मांस विकणारे फेरीवाले असत. हेन्री मेह्यू याने १८५१ साली लंडनच्या श्रमजीवी लोकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या फेरीवाल्यांचे सविस्तर वर्णन आहे. गाडीला जुंपून जुंपून मेलेल्या वा मारलेल्या घोड्यांचे मांस शिजवून, तुकडे काडीस टोचून, फार्दिंग, अर्धा पेनी, पेनी अशा दराने ते दारोदार विकले जाई. या धंद्याला पहिली टक्कर दिली ती जेम्स स्प्रॅट या अमेरिकनाने. हा गृहस्थ १८६० च्या सुमारास लंडनला आला तो वीजवाहक सळ्या विकण्यासाठी. आणि नाव काढले ते कुत्र्यांच्या बिस्किटांवर. लवकरच त्याच्या कंपनीने मांजरांचेही खाद्य बाजारात आणले. आजच्या जाहिरातीतल्या सगळ्या खुब्या त्याच काळात जन्मल्या. आपले खाद्य स्वच्छ व शास्त्रीय आणि फेरीवाल्याचे मांस घाणेरडे व रोगट, हा त्यांचा सूर होता. चार पैसे जास्त मागावयाचे तर आधी शेजाऱ्याच्या मालाबद्दल भय उत्पन्न करावे लागते, ही गोष्ट त्या व्यापाऱ्यांस पुरती कळली होती.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगता येईल. १९२२ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात घोड्याचे मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकावयास सुरुवात झाली, आणि थोड्याच वर्षांत मांजरांचेही डबे निघाले. दुसऱ्या महायुद्धात डब्यांच्या पत्र्यावर नियंत्रण आले, तेव्हा कारखानदार कोरड्या खाद्याकडे वळले. १९५७ साली एका मोठ्या कंपनीने न्याहारीच्या फुलवलेल्या धान्याचे यंत्र कुत्र्यांच्या खाद्याला लावले. पीठ, मांसाची भुकटी आणि पाणी यांचा लगदा वाफेवर व दाबाखाली शिजवून छिद्रांतून बाहेर ढकलावयाचा, म्हणजे तो फुलतो. मग वाळवून त्यावर चरबीचा फवारा मारावयाचा. मांजरांचे दाणेदार खाद्य त्यापाठोपाठच आले. मडगावच्या दुकानातल्या दोन्ही पिशव्या, स्वस्त आणि महाग, मुळात याच कृतीच्या आहेत.

या सगळ्यांहून मोठी क्रांती केली ती एका मातीने. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो याने ओल शोषून घेणारी चिकणमाती मांजरांच्या शौचासाठी विकण्यास काढली. तोवर मांजरास रोज घराबाहेर सोडणे भाग होते. आता ते जन्मभर चार भिंतींच्या आत राहू शकले. बाहेर जाणे संपले तसा उंदीरही संपला, आणि इतिहासात प्रथमच मांजराचे सारे पोषण मालक जे वाटीत टाकील त्यावर अवलंबून राहिले. पिशवीत एखादी गोष्ट कमी असेल तर ती भरून काढण्याची दुसरी वाट उरली नाही.

अशी एक गोष्ट कमी होती, आणि ती सापडावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला. १९७५ साली हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, टॉरीन नावाचे द्रव्य आहारात नसले तर मांजराच्या डोळ्याचा आतला पडदा झिजत जाऊन ते आंधळे होते. कुत्रा आणि बहुतेक प्राणी हे द्रव्य आपल्या शरीरात पुरेसे तयार करतात. मांजराला ते जमत नाही. शिवाय पित्तावाटे ते सतत खर्च होत राहते. मिळण्याचे ठिकाण एकच: प्राण्याचे शरीर. उंदरात ते भरपूर, मासळीत बरेच, भातात मुळीच नाही.

खरा धक्का १९८७ साली बसला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेत पॉल पायन व त्यांचे सहकारी हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगलेल्या मांजरांची तपासणी करीत होते. तोपर्यंत हा विकार असाध्य समजला जाई. मांजर धापा टाकीत काही दिवसांत वा आठवड्यांत मरे. त्यांना आढळले की, या मांजरांच्या रक्तात टॉरीन अत्यंत कमी आहे. टॉरीन दिल्याबरोबर यांपैकी पुष्कळ मांजरांची हृदये पूर्ववत् होऊ लागली. आता ही मांजरे काय खात होती? बेवारशी, उपाशी मांजरे नव्हती ती. नामांकित कंपन्यांचे, त्या वेळच्या मान्य प्रमाणास उतरणारे, मालकांनी विश्वासाने विकत आणलेले खाद्य ती खात होती. खाद्यात टॉरीन होते. पण डब्यात शिजविण्याच्या क्रियेमुळे ते शरीरास पुरत नव्हते. त्यानंतर प्रमाणे बदलली. आज अमेरिकेतील मान्य प्रमाणाप्रमाणे पाणी वगळून मोजल्यास कोरड्या खाद्यात शेकडा ०.१ आणि डब्याच्या ओल्या खाद्यात शेकडा ०.२ टॉरीन असावे लागते. डब्याला दुप्पट का, त्याचे कारण वर आलेच. हा फरक पडल्यापासून तो हृद्रोग घरगुती मांजरांत दुर्मीळ झाला. मजेची गोष्ट ही की, ज्या द्रव्याने हे घडले ते कारखान्यात अल्प खर्चात तयार होते आणि आज स्वस्त पिशवीतही असते, महाग पिशवीतही असते.

येथे आम्हांस 'हितोपदेशा'तल्या दीर्घकर्ण बोक्याची आठवण होते. आंधळ्या जरद्गव गिधाडाच्या ढोलीशी येऊन तो सांगतो की, आपण मांस सोडले असून चांद्रायण व्रत आचरीत आहोत. आणि आत जागा मिळताच पाखरांची पिले एकेक करून फस्त करतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ढोंगी धर्मध्वज माणसास 'बैडालव्रतिक' म्हटले आहे ते याच समजुतीने. बोक्याची बाजू घेणे हे वकिलाचे काम नव्हे, पण त्याच्या वतीने एवढे म्हणणे प्राप्त आहे की, ते व्रत पाळणे त्याच्या हाती नव्हतेच. टॉरीनच नव्हे, गाजर-भोपळ्यातल्या पिवळ्या द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनविण्याची शक्तीही त्याच्या शरीरात नाही. ते त्याला यकृतातून तयारच मिळावे लागते. वृद्ध महाजनांच्या शंकेचे उत्तर आम्ही याच गोष्टीने दिले. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांस दूध पचत नाही, हेही सांगितले. ते मात्र त्यांना पटले नाही.

आमच्या सारस्वत घरांतून मांजराला मासळीचे डोके आणि हुमणातला भात मिळतो. त्यात टॉरीन असते हे खरे. पण ते पाण्यात उतरते, म्हणून मासळी उकडलेले पाणी फेकून दिले तर पुष्कळसे त्याबरोबर जाते. कित्येक जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, ते शिजविल्याने निकामी होते. नुसती तेलकट मासळीच सतत दिली तर ई जीवनसत्त्व अपुरे पडून अंगातली चरबी पिवळी पडून दुखू लागण्याचा रोग मांजरांस होतो. म्हणजे अंगणात हिंडणाऱ्या, पाली-उंदीर मारणाऱ्या मांजराला हे जेवण चालून जाते. फ्लॅटमध्ये कोंडलेल्याला चालत नाही.

आता पिशवीवरच्या अक्षरांकडे वळू. हा भाग आमच्या धंद्याचा असल्यामुळे थोडा अधिक वेळ घेतला तर वाचकांनी क्षमा करावी.

महाग पिशवीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत 'प्रीमियम' हा शब्द होता. ती पिशवी अमेरिकन बनावटीची, म्हणून आम्ही तेथील नियम पाहिले. 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'गूर्मे' या शब्दांना तेथील कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. हे शब्द छापणाऱ्या उत्पादकाने अधिक चांगले घटक घालावेत वा अधिक कठोर पोषणमान पाळावे अशी सक्ती नाही. हे तेथील अन्न व औषध प्रशासनच सांगते. दस्तऐवजात एखादा शब्द असावा आणि त्याने कोणावर कोणतेही बंधन येऊ नये, असे आमच्या कोर्टात झाले तर तो शब्द न्यायाधीश वाचीतच नाहीत.

उलट, बारीक अक्षरांतले काही शब्द मात्र पक्के बांधलेले आहेत. अमेरिकेतल्या राज्यांच्या खाद्यनियंत्रक अधिकाऱ्यांची एक संघटना १९०९ पासून आहे. तिला स्वतःला अंमलबजावणीचा अधिकार नाही. ती आदर्श नियम तयार करते आणि राज्ये ते आपल्या कायद्यात घेतात. या नियमांप्रमाणे डब्यावर नुसते 'टूना' असे नाव असेल तर प्रक्रियेचे पाणी वगळता आतल्या मालात शेकडा ९५ टूना मासा पाहिजे. 'टूना डिनर' म्हटले की शेकडा २५ पुरतो. 'विथ टूना' म्हटले की शेकडा ३! आणि 'टूना फ्लेवर' असेल तर चव लागण्यापुरता अंश असला की झाले. एका उपपदाने ९५ चे ३ होतात. जमिनीच्या खटल्यांतसुद्धा एवढा मोठा फरक एवढ्या लहान शब्दाने आम्ही क्वचितच पाहिला आहे. गिऱ्हाईक मात्र डब्यावरचे माशाचे चित्र पाहून पैसे देते.

सर्वांत मोलाचे वाक्य पिशवीच्या पाठीमागे, बहुधा शिवणीजवळ असते. हे खाद्य 'संपूर्ण आणि संतुलित' आहे, आणि ते कोणत्या वयाच्या मांजरांसाठी, असे त्यात म्हटलेले असते. 'संपूर्ण' म्हणजे उंदीर नसला तरी चालेल. हे वाक्य मिळविण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. एकीत खाद्यातल्या घटकांचे गणित ठरलेल्या कोष्टकाशी जुळवून दाखवितात. दुसरीत ते प्रत्यक्ष मांजरांस खाऊ घालून पाहतात. प्रौढ मांजरांसाठी किमान ८ मांजरे, २६ आठवडे, आणि त्यांतली ६ तरी अखेरपर्यंत टिकली पाहिजेत. ही परीक्षा फार कठीण आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही कोणती वाट धरली हे वाक्यातच लिहिलेले असते, आणि वाचणारा हजारात एखादा. मडगावच्या दोन्ही पिशव्या आम्ही उलट्या करून वाचल्या. दोन्हींवर ते वाक्य होते. शेजारच्या आकर्षक छोट्या पाकिटावर मात्र ते नव्हते. ते फक्त वरून टाकावयाचे तोंडीलावणे होते, आणि वजनाच्या मानाने सर्वांत महाग तेच.

महाग माल निदान अधिक सुरक्षित तरी असेल, असा आमच्या तरुण सभासदाचा युक्तिवाद होता. त्याचे उत्तर २००७ सालाने देऊन ठेवले आहे. त्या वर्षी १६ मार्च रोजी कॅनडातील मेनू फूड्स या कंपनीने मांजर-कुत्र्यांच्या खाद्याचे सुमारे सहा कोटी डबे व पाकिटे बाजारातून परत मागविली. ती खाऊन प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन हे प्लास्टिकच्या धंद्यातले रसायन मिसळलेले निघाले. प्रथिने मोजण्याची रूढ चाचणी वस्तुतः नत्र मोजते, आणि मेलामाइनमध्ये नत्र भरपूर. म्हणजे स्वस्त भेसळ चाचणीत उंची माल म्हणून पास होई. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, हेच रसायन चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत सापडले आणि बालके दगावली.

त्या परत मागविलेल्या मालाच्या यादीत सुमारे शंभर नावे होती. मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या स्वस्त शिक्क्यापासून पशुवैद्यांनी शिफारस केलेल्या महागड्या नावांपर्यंत सारी त्यात होती, कारण सर्वांचा माल त्याच कारखान्यांत भरला जात होता. मालकांनी खटले भरले. २००८ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरांवर तडजोड झाली. कायद्याच्या दृष्टीने मांजर ही मालमत्ता असल्यामुळे भरपाई मुख्यतः औषधोपचाराच्या पावत्यांवर ठरली. ज्याच्या घरातले मांजर गेले त्याच्या दुःखाला त्या हिशेबात रकाना नव्हता.

तसेच 'धान्यविरहित' या शब्दाचे. गेल्या काही वर्षांत हा शब्द छापलेल्या पिशव्या बऱ्याच चढ्या किमतीने खपू लागल्या. २०१८ च्या जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाद्यांवर वाढणाऱ्या कुत्र्यांतील हृद्रोगाची चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे त्या खात्याने म्हटलेले नाही, म्हणून आम्हीही म्हणत नाही. परंतु धान्य काढल्याने मांजराचे विशेष कल्याण झाल्याचा पुरावाही कोणी पुढे ठेवलेला नाही. घटकांच्या यादीत 'उपउत्पादन' दिसले की नाक मुरडणारेही पुष्कळ आहेत. त्या शब्दाचा अर्थ बहुतेक यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असा असतो. उंदीर खाताना मांजर काळीज निवडून बाजूस ठेवीत नाही.

मग जास्त किमतीत काहीच नाही काय? आहे, पण ते वेगळ्या फळीवर आहे. १९३९ साली अमेरिकेत एका अंध गृहस्थाचे 'बडी' नावाचे वाटाडे कुत्रे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडले. मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी प्रथिने व मीठ बेताचे असलेले पथ्याचे अन्न घरी बनविले. मागणी वाढली, काचेच्या बरण्या वाटेत फुटू लागल्या, तेव्हा १९४८ मध्ये कॅन्ससमधल्या एका डबेवाल्या कंपनीशी करार करून ते डब्यांत आले. पथ्यखाद्याचा धंदा येथून सुरू झाला. त्यात अतिशयोक्तीही बरीच शिरली आहे. पण त्याच्या मुळाशी एक रोग, एक निदान आणि एक परिणाम आहे, आणि तिन्ही तपासून पाहता येतात.

हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. चौकशी चालू असतानाच अग्रशाळेतला तो म्हातारा बोका दोन दिवस कोपऱ्यात बसून कण्हू लागला. लघवीला बसे, पण थेंब येत नसे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद. त्यात बारीक खडे अडकले तर दीडदोन दिवसांत जीव जातो. मडगावच्या पशुवैद्यांनी नळी घालून मार्ग मोकळा केला आणि खड्यांची परीक्षा केली. ते स्ट्रुव्हाइट जातीचे निघाले. ही जात विशिष्ट पथ्यखाद्याने विरघळते. दुसरी कॅल्शियम ऑक्झलेटची जात विरघळत नाही. "हे अन्न आणि भरपूर पाणी, नाही तर पुन्हा माझ्याकडे आणाल," असे ते म्हणाले. तो डबा आमच्या त्या महाग पिशवीहूनही महाग होता. त्यावर कोणी तक्रार केली नाही.

राहिले गणित. किलोचा भाव पाहून तुलना करणे ही पहिली चूक. ४ किलो वजनाच्या घरगुती मांजरास दिवसाला सुमारे २०० ते २५० कॅलरी लागतात. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी, म्हणजे रोजचे ६० ग्रॅमच्या आसपास पुरतात. समजा एक पिशवी किलोला ४०० रुपये आणि दुसरी १२०० रुपये. पहिलीचा रोजचा खर्च २४ रुपये. दुसरी अधिक कसदार असून ५० ग्रॅमांत भागले तरी ६० रुपये. तिप्पट वाटलेली किंमत अडीचपट झाली, एवढाच दिलासा. ओल्या डब्याची तुलना करताना पाणी वजा करावे लागते. डब्यावर प्रथिने १० आणि पाणी ८० लिहिलेले असते, पिशवीवर प्रथिने ३२ आणि पाणी १०. दिसावयास पिशवी सरस. पण पाणी काढून टाकले की डब्यात शेकडा ५० प्रथिने निघतात आणि पिशवीत सुमारे साडेपस्तीस. डबा महाग पडतो हे खरेच, कारण पोट भरण्यास तो पाव किलोच्या घरात लागतो. पण जे मांजर पाणी थोडे पिते त्याला त्यातले पाणीच औषध.

एवढे सर्व पाहून आम्ही सभेस लेखी अभिप्राय दिला. कोठारातल्या तीन मांजरांसाठी, पाठीवर 'संपूर्ण आणि संतुलित' हे वाक्य असलेली, प्रौढ मांजरांची साधी पिशवी घ्यावी. महाग पिशवीच्या जादा किमतीबद्दल पुरावा आमच्यापुढे आलेला नाही. ती सकाळी अर्ध्या मापाने द्यावी, बाकीचे वेतन त्यांनी लंडनच्या पोस्टातल्या मांजरांप्रमाणे उंदरांत वसूल करावे. शेजारी पाण्याची दोन भांडी ठेवावीत. पिशवी देवळाच्या आवारात न ठेवता अग्रशाळेत ठेवावी, म्हणजे कोणाच्या मनाला टोचणार नाही. बोक्याचे पथ्यखाद्य पशुवैद्य सांगतील तोवर द्यावे आणि त्याचा खर्च देवस्थानावर न टाकता महाजनांनी वर्गणीने करावा.

पहिली चार कलमे मंजूर झाली. खर्च कोणत्या सदरात टाकावा यावर हिशेबतपासनिसांनी अडविले, तेव्हा ती रक्कम 'कोठाररक्षण' या सदरात गेली. पाचव्या कलमावर सभा थोडा वेळ गप्प राहिली. मग ज्यांनी दूधभाताचा पक्ष मांडला होता तेच वृद्ध महाजन उठले, पिशवीतून पाकीट काढले आणि वर्गणीचे पहिले पैसे त्यांनी अध्यक्षांपुढे ठेवले. जाताना त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले की, बोक्याला एकादशीच्या दिवशी तरी थोडा दूधभात दिला तर चालेल काय.